आनंदराज सरांची मेलेली आई

मुदखेड
९ नोव्हेंबर २०१५

दादा,

पाकिटावर पाठवणारीचं नाव भामाबाई आहे म्हणून घाबरू नकोस. आईला लिहिता येत नाही हे तू विसरला नसशील. मी ज्योत्स्ना. तुझा फोन तुझा तो असिस्टंट मारोती उचलतो आणि "सर सेशनमध्ये आहेत" म्हणून ठेवून देतो. माझा नंबर तर तू कधीचाच बंद करून टाकलास. म्हटलं, या नावाचं पाकीट टेबलावर दिसलं की तू ते दुसऱ्या कुणाला फोडू देणार नाहीस.

मागच्या आठवड्यात लातूरला तुझ्या शिबिरात मी होते. हाव, मीच. शेवटच्या रांगेत, दाराजवळ. आमच्या संस्थेनं वसतिगृहातल्या अकरावी-बारावीच्या पोरी पाठवल्या आणि मी त्यांची गृहपाल, मला जावंच लागलं. पोस्टरवर नुसतं 'आनंदराज सर'. बनसोडे आडनाव कुठं सांडलंस रे? तरी म्हटलं, जाऊ दे. आपला भाऊ मोठा झालाय, चार चांगल्या गोष्टी सांगत असेल. आणि खरं सांगते, सकाळी मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. जी पोरगी मेसमध्ये दुसरी पोळी मागायला लाजते तिला तू माईकसमोर उभं केलंस आणि ती न अडखळता बोलून आली. मला लई अभिमान वाटला. मेल्या, तेवढ्यावर थांबायचं होतंस!

दुपारी तू पडदे ओढलेस, बासरी लावलीस. "डोळे मिटा," म्हणालास. "आता घरून फोन आलाय. तुमची आई गेलीय. तिला अंगणात ठेवलंय. तिच्याशी शेवटचं कधी नीट बोललात ते आठवा." सगळ्या हॉलनं हंबरडा फोडला. माझ्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागल्या. तेवढ्यात आमची जिक्रा उठून उभी राहिली. देगलूरच्या करीमभाईंची मुलगी ती, गाद्या भरायचं काम आहे त्यांचं. ती म्हणाली, "सर, माझी अम्मी खरंच गेली. असं काही नसतंय तवा. मला तर भूक लागली होती."

तू तिच्याकडं पाहिलंससुद्धा नाहीस. तुझ्या टी-शर्टवाल्या पोरांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. काय तर म्हणे, ही निगेटिव्ह आहे. मीही तिच्या मागं बाहेर आले. आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो आणि आतला कर्णा बाहेरही लावलेला होता, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

तू तुझी गोष्ट सांगत होतास. किल्लारीचा भूकंप, पहाट, पडलेलं घर. दहा वर्षांचा तू, नखांनी माती उकरतोयस. मातीतून आईचा हात वर आलेला, हिरव्या बांगड्यांचा. तू तो हात धरून बसलास आणि तो हळूहळू थंड झाला. "त्या दिवशी मी आईला वचन दिलं," म्हणालास, "की तुझा मुलगा हजारोंना उभं करील." मग शेवटी पालकांचे पाय धुवायचा कार्यक्रम. ज्याला आईबाप नाहीत त्यानं रिकाम्या खुर्चीला फूल वाहायचं. आणि तुला आई नाही ना, म्हणून तू एका पोराला हात वर करायला सांगतोस आणि त्याच्या आईचे पाय स्वतः धुतोस.

दादा, ज्या वेळी तू आईला मारत होतास त्या वेळी आई किल्लारीच्या शाळेत खिचडीखालचा जाळ सारत असेल. चांगली ठणठणीत आहे. दात तेवढे गेलेत, आवाज नाही गेला.

मला भांडायचं नाही. म्हणजे भांडायचंच आहे, पण एवढ्याच गोष्टीवरून. डिसेंबरात नांदेडला तुझा मोठा कार्यक्रम आहे, बोर्ड लागलेत इथं स्टेशनवर. तिथं माईकवरून सांग की माझी आई जिवंत आहे. एक वाक्य. बाकी तुझं शिबिर तुला लखलाभ.

ज्योत्स्ना


मुदखेड
२१ नोव्हेंबर २०१५

दादा,

पत्राला उत्तर म्हणून मारोतीला पाठवलंस. पेढ्यांचा पुडा घेऊन आला बिचारा. ऑफिसात खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "ताई, सरांच्या गोष्टीतली आई हे एक प्रतीक आहे."

म्हटलं, "ते प्रतीक मागच्या आठवड्यात पाय घसरून पडलं. गुडघा सुजलाय. तेल चोळायला जाता का?"

त्यानं पुडा माझ्याकडं सरकवला. मग म्हणाला, लेकरं रडली की मन मोकळं होतं, आईबापाशी नीट वागायला लागतात, कित्येक पालकांचे आभाराचे फोन येतात. असतील येत. लातुरात पोरं काय कमी दाबलेली आहेत? सकाळी एक क्लास, दुपारी दुसरा, रात्री टेस्ट, भिंतीवर टॉपरचे फोटो. त्यांना रडायला जागाच नाही. तू त्यांना अंधार करून दिलास, बासरी दिलीस, ती रडली. त्यात तुझं कौतुक काय? कांदा चिरला तरी पाणी येतं डोळ्यांना.

तुझं म्हणणं असं की मी तुझ्या कामावर जळते. जळायला मला दुसरी कामं आहेत. आणि पोरींना नेतृत्व शिकवू नये असं मी कुठं म्हणते? तुझ्या त्या सकाळच्या तासानंतर काय झालं ऐक. आमच्या पोरींची नांदेडची सकाळची बस रोज फाट्यावर न थांबता निघून जायची. जिक्रा आणि चार जणी डेपोत गेल्या. साहेब म्हणाला, नंतर या. जिक्रा म्हणाली, "आम्ही इथंच उभ्या राहतो, तुमचं नंतर कधी होतं ते बघतो." तू शिकवलं तसं, आधी नाव सांगितलं, मग काम सांगितलं, नजर खाली घातली नाही. आता बस थांबून राहिलीय. हे तुझंच आहे दादा, तुझ्या शिकवण्याचं आहे. यासाठी कुणाची आई मारावी लागली नाही.

आणि तो हिरव्या बांगड्यांचा हात. मी सहा वर्षांची होते पण तेवढं मला आठवतं. तो हात केवळाकाकूंचा होता, शेजारच्या. त्यांची माणसं कुणीच उरली नाहीत म्हणून त्यांचा हात तू घेतलास काय? आई आणि मी वाचलो कारण मला पहाटे लघवीला लागली होती आणि आई मला घेऊन वाड्याबाहेरच्या उकिरड्याकडं आली होती. घर बसलं तेव्हा आत बाबा होते, पाळण्यात धाकटी होती आणि तू होतास. आईनं एकटीनं दगड उचलले. तुला बाहेर काढलं ते आईनं. तू गोष्टीत तिला खाली घातलंस आणि स्वतः वर आलास.

मारोतीला पेढे परत दिले. पोरींना कळलं असतं तर रागावल्या असत्या, पण दिले.

नांदेडला सांगणार आहेस का नाही, एवढंच कळव. या वेळी स्वतः कळव.

ज्योत्स्ना


मुदखेड
३ डिसेंबर २०१५

दादा,

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडं कललेलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझ्यावर रागावायचं होतं ते राहून गेलं. म्हणून आता बसून रागावते.

तू लिहिलंस की तुला तिच्यासमोर बसवत नाही. ती ताट वाढते, "जेव लेकरा" म्हणते आणि तुला वाटतं, ही आता विचारील, तुला काढत बसले तेवढ्यात बाबा आणि पाळण्यातली गेली, कशासाठी तुला काढलं? तू लिहिलंस, पहिल्यांदा कॉलेजात कुणीतरी विचारलं, आई काय करते, आणि तुझ्या तोंडून निघून गेलं की ती भूकंपात गेली. आणि त्या दिवशी तुला पहिल्यांदा मोकळं रडता आलं. मग सवय लागली. मग त्याचं शिबिर झालं.

दादा, तू दहा वर्षांचा होतास. मातीखाली. ओरडत होतास. आई आवाजाकडं धावली. दुसरं कोणतं माणूस काय करील? याचं ओझं तू बावीस वर्षं उचललंस आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस. माझंही ते घर होतं ना? माझेही बाबा होते ना? तू एकट्यानं सगळा भूकंप आपल्या नावावर करून घेतलास!

पण ऐक. तुझं दुःख खरं आहे म्हणून तुझी गोष्ट खरी होत नाही. आणि तुझ्या दुःखाचं औषध म्हणून हजारो लेकरांना डोळे मिटून आपापल्या आया मारायला लावायच्या, हे मी चालू देणार नाही. भाऊ असशील माझा, तरी नाही.

तू लिहिलंस, आईला काही कळू देऊ नकोस. उशीर झाला. मी सांगितलं नाही. परवा ती आली होती, पोरींसाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन. नोटीस बोर्डावर तुझं नांदेडचं पोस्टर लावलेलं. त्याच्यासमोर उभी राहिली आणि ओरडली, "आगं, ह्यो तर आपला आनंद! केवढा फोटू छापलाय!" शेजारी पोरी होत्या. एक भाबडेपणानं बोलून गेली, "मावशी, हे आनंदराज सर. लई भारी बोलतात. बिचाऱ्यांची आई भूकंपात गेली."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. धावत येईपर्यंत बोलून झालं होतं.

आई पोस्टरच्या अजून जवळ गेली. मग म्हणाली, "कंच्या लुगड्यात मेले म्हनला?"

पोरगी म्हणाली, "लुगड्याचं नाही सांगितलं. हिरव्या बांगड्या म्हणाले."

"हिरव्या केवळाच्या व्हत्या," आई म्हणाली. "माझ्या हातात बांगड्याच नव्हत्या त्या दिवशी. फुटल्या व्हत्या आदल्या रोजी, विसर्जनाच्या गर्दीत."

एवढंच. मग पंगतीत बसली, नीट जेवली, पोरींना वाढलंसुद्धा. मी म्हटलं, आई, रड की गं. म्हणाली, "कशाला? म्या जित्ती हाय." पण हात धुताना रिकामं मनगट चोळत बसली, आणि ते मी पाहिलंय. ते तू पाहायला हवं होतंस.

निघताना विचारलं, "नांदेडला कवा हाय त्याचं?"

तर आता आम्ही दोघी येणार नांदेडला. तिसरी जिक्रा. मी तुला आधी सांगते आहे, मागून वार करत नाही. तू माईकवरून एक वाक्य बोललास तर आई खालीच बसेल, टाळ्या वाजवील आणि पोस्टर मागून घेऊन किल्लारीला जाईल. शेजारणींना दाखवायचंय म्हणते.

ज्योत्स्ना


मुदखेड
१६ डिसेंबर २०१५

दादा,

तू नाही बोललास ते वाक्य.

आम्ही तिसऱ्या रांगेत होतो आणि तू आईला पाहिलंस. मला माहीत आहे पाहिलंस, कारण "डोळे मिटा" म्हणताना तुझा आवाज फाटला. सगळ्यांनी डोळे मिटले, आई टक लावून तुझ्याकडं बघत राहिली, आणि तू तिच्याकडं बघत ती गोष्ट शेवटपर्यंत सांगितलीस. हात थंड होईपर्यंत. मी तुझ्यावर एवढी कधीच चिडले नव्हते. उठायला लागले तर आईनं माझ्या मांडीवर हात ठेवून बसवलं.

मग तू म्हणालास, "मला आई नाही, आज कोण मला त्याची आई देईल?" आणि जिक्रानं हात वर केला. मी सांगितलं नव्हतं, आईनंही नव्हतं. पोरगी आईचा हात धरून पायऱ्या चढली. मारोतीला आई कुठं माहीत? त्यानं माईक पुढं केला, नाव विचारलं.

"भामाबाई ज्ञानोबा बनसोडे. किल्लारी."

"ही तुमची मुलगी?"

"न्हाई. ह्यो माझा."

तू तांब्या खाली ठेवलास आणि पडद्यामागून निघून गेलास. इथवर तुला माहीत आहे. पुढचं मी सांगते, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत ते अर्धंच आलंय.

आधी पुढच्या रांगेतले लोक उभे राहिले. मग मागून एक शिट्टी आली. मग हसू, मग आरडाओरड. एक बाप उठून "फसवणूक आहे ही, बोलवा त्याला!" म्हणून ओरडायला लागला. ज्या पोरांनी आत्ता तुझ्यासाठी रडून रुमाल भिजवले तीच पोरं तुला शिव्या द्यायला लागली. मला वाटलं, बरं झालं. खोटं कशाला सांगू?

पण आईनं मारोतीच्या हातून माईक ओढून घेतला.

"ए, गप बसा! माझ्या लेकराला नाव ठेवायचं काम माझं हाय. तुमचं न्हाई."

दादा, अख्खा हॉल बसला. तुझ्या इतक्या वर्षांच्या सेशनला जमलं नाही ते तिनं एका दमात केलं.

मग म्हणाली, "म्या मेलेली न्हाई. मेला त्याचा बाप. मेली पाळण्यातली लेक. तिचं नावबी ठिवलं नव्हतं अजून. दगडाखालून एकाचाच आवाज यून राहिला व्हता, ह्याचा. ज्याचा आवाज आला त्याला काढलं. ज्याचा आला न्हाई त्याचा आला न्हाई. त्यात त्या लेकराचा काय गुन्हा? त्याला वाटतंय म्या त्याच्यापायी सगळं घालवलं. आरं येड्या, म्या तुझ्यापायी जगले! तू नसतास निघाला तर म्या तिथंच दगडावर डोकं आपटलं असतं."

तुझं पत्र मी तिला आदल्या रात्री वाचून दाखवलं होतं, आणि ती पडद्याकडं बघून बोलत होती. तिला वाटत होतं तू मागं उभा आहेस. तू गाडीत बसून निघून गेला होतास हे मारोतीनं मला नंतर सांगितलं.

कुणीतरी स्वयंसेवक परात घेऊन आला, पाय धुवायला. आई म्हणाली, "पाय माझे म्या धुते. तुमी घरी जाऊन आपापल्या मायला इचारा, आज दिवसभर काय केलंस. ऐकायला बसा तिच्याजवळ. बास." माईक जिक्राच्या हातात दिला आणि खाली उतरली. कोणी रडत नव्हतं. जिक्रानं मात्र माईक सोडला नाही. नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि म्हणाली, "माझी अम्मी गेली तेव्हा मला भूक लागली होती आणि मला वाटायचं मी वाईट मुलगी आहे. मी वाईट मुलगी नाहीये." मग एक मुलगा उठला. मग एक मुलगी. आई गेलेले, बाप गेलेले. खुर्चीला फूल वाहणारे सगळे. बासरी कुणी लावली नाही, दिवे चालू होते. तासभर चाललं. ते शिबिर तुझंच होतं, फक्त तू तिथं नव्हतास.

काल मारोतीचा फोन आला. तुम्ही सरांना संपवलं म्हणाला. लातूरच्या क्लासवाल्यांनी कार्यक्रम रद्द केलेत, सर दार उघडत नाहीत, जेवत नाहीत. मी म्हटलं, ते जे संपलं ते संपायलाच हवं होतं आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. लोक मला म्हणतात, सख्ख्या भावाला चारचौघात उघडं पाडलंस. पाडलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पाडीन. आई चारचौघात मेली होती, तर चारचौघातच जिवंत व्हायला हवी होती.

पण फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. तू दार उघडत नाहीस हे ऐकून रात्रीतून चारदा तुझा नंबर लावून पाहिला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. दार उघड दादा. माझ्या पोरी विचारतात, सकाळचा तो माईकचा तास पुन्हा कधी. त्यांना तो तास पाहिजे. तुझं जे खरं होतं ते तेवढंच होतं आणि ते कमी नव्हतं. मुदखेडला ये, वसतिगृहाच्या सतरंजीवर बस, आडनावासकट नाव सांग आणि शिकव. पडदे आमच्याकडं नाहीतच.

आईला विचारलं, दादाला काय लिहू? ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, जसंच्या तसं लिही. म्हणून जसंच्या तसं लिहिते:

"त्याला म्हनावं, त्या दिशी तुला केसाला धरून वर वढला तवा लई बोंबलला व्हतास. मला शिव्या घालत व्हतास, सोड सोड म्हनत व्हतास. तवाच म्या म्हनलं, जगतंय हे. आताबी वढलाय, दुखत असंल. घाल शिव्या. पर घरी यून घाल."

ज्योत्स्ना